गुन्हेगाराचे वकीलपत्र

१७ जुलै २०१८ रोजी मद्रास उच्च न्यायालयाच्या आवारातल्या महिला न्यायालयात पोलिसांनी १७ जणांना हजर केले. चेन्नईच्या अयनावरम भागातल्या एका निवासी संकुलात, ऐकू कमी येणाऱ्या ११ वर्षांच्या मुलीवर काही महिने लैंगिक अत्याचार केल्याचा आरोप त्यांच्यावर होता. आरोपी म्हणजे संकुलात रोज वावरणारी माणसे होती, लिफ्ट चालवणारे, पहारेकरी, प्लंबर. कोठडीचा आदेश घेऊन पोलीस त्यांना जिन्यावरून खाली आणू लागले तेव्हा वकिलांच्याच जमावाने त्यांना गाठले आणि बेदम मारले. या आरोपींचे वकीलपत्र आमचा कोणीही सभासद घेणार नाही, असे मद्रास हायकोर्ट ॲडव्होकेट्स असोसिएशनच्या अध्यक्षांनी जाहीर केले.

फेब्रुवारी २०२० मध्ये, मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पोक्सो कायद्याखालच्या विशेष न्यायालयाचा निकाल आला. १७ पैकी एक जण खटला चालू असतानाच तुरुंगात मरण पावला होता. १५ जण दोषी ठरले. एक जण निर्दोष सुटला.

त्या एका माणसाने जिन्यावर इतरांइतकाच मार खाल्ला असेल. तेव्हा १७ जणांकडे पाहून कोण कोणत्या यादीत जाईल, हे मारणाऱ्यांपैकी कोणालाही सांगता आले नसते. ते ठरायला दीड वर्ष, साक्षीपुरावे आणि दोन्ही बाजूंचे वकील लागले.

‘गुन्हेगाराचा बचाव करताना तुम्हाला काहीच कसे वाटत नाही?’ हा प्रश्न फौजदारी वकिलाला लग्नात, प्रवासात, घरातही विचारला जातो. विचारणाऱ्याच्या मनात खरे तर दोन वेगळे प्रश्न असतात. ज्याला सगळ्यांनी गुन्हेगार ठरवून टाकले आहे त्याचे वकीलपत्र घ्यावे का, हा पहिला. आणि अशिलाने गुन्हा केला आहे हे वकिलाला स्वतःला पक्के ठाऊक असेल तर त्याने काय करावे, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर तुलनेने सोपे आहे, तरी आपल्या वकील संघटना त्यात वारंवार नापास झाल्या आहेत. दुसरा खरोखर अवघड आहे. चेन्नईच्या कोर्टांनी गेल्या ८० वर्षांत दोन्ही प्रश्नांची इतकी रूपे पाहिली आहेत की या शहराला धरूनच संपूर्ण विषयाचा आढावा घेता येतो. माझे मत आधीच सांगतो: दोषी माणसाला वकील मिळाल्याने न्याय बिघडत नाही. तो बिघडतो वकील न मिळाल्याने, उशिरा मिळाल्याने किंवा अर्ध्या मनाने उभा राहिल्याने. आणि त्याची झळ पीडितेच्या घरालाही लागते.

नियम काय सांगतो

भारतीय बार कौन्सिलच्या आचारनियमांत याबद्दल संदिग्धता नाही. आपण जिथे वकिली करतो त्या न्यायालयातले काम, आपल्या दर्जाला आणि खटल्याच्या स्वरूपाला साजेशी फी मिळत असेल तर, वकिलाने स्वीकारले पाहिजे; विशेष परिस्थितीतच त्याला नकार देता येतो. पंधरावा नियम आणखी पुढे जातो. आरोपी दोषी आहे की नाही याबद्दल स्वतःचे मत काहीही असो, वकिलाने त्याचा बचाव केला पाहिजे. कारण पुरेशा पुराव्याशिवाय कोणालाही शिक्षा होऊ नये असे सांगणाऱ्या कायद्याशी वकिलाची निष्ठा असते. त्याच नियमावलीत सरकारी वकिलालाही बजावले आहे की आरोपीच्या निर्दोषत्वाकडे बोट दाखवणारा पुरावा दडपू नये. आणि जो अशील गैरमार्गाचाच आग्रह धरतो, त्याचे काम नाकारावे असेही सांगितले आहे.

संविधानाच्या २२व्या कलमाने अटक झालेल्या माणसाला आपल्या पसंतीचा वकील करण्याचा हक्क दिला. १९७६ मधल्या ४२व्या घटनादुरुस्तीने ३९-अ हे कलम आणून मोफत कायदेसाहाय्य हे राज्याचे कर्तव्य ठरवले. १९७८ मध्ये महाराष्ट्रातून गेलेल्या हॉस्कॉट खटल्यात न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी हे कर्तव्य थेट जीविताच्या हक्काशी जोडले. यात कुठेही ‘निर्दोष माणसाला’ असा शब्द नाही. हक्क आरोपीचा आहे, आणि आरोपींमध्ये दोषी माणसेही असणार हे कायदा करणाऱ्यांना ठाऊक होते.

मद्रासचा जुना अनुभव

चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर हातात पैंजण घेतलेल्या कण्णगीचा पुतळा आहे. ‘सिलप्पदिकारम्’ या तमिळ महाकाव्यातली तिची कथा तिथे शाळकरी मुलांनाही माहीत असते. राणीचे पैंजण चोरीला गेले. सोनाराने कण्णगीच्या नवऱ्याकडे, कोवलनकडे बोट दाखवले. मदुराईच्या पांड्य राजाने कसलीही चौकशी न करता त्याला मारण्याची आज्ञा दिली. कण्णगी दरबारात आली आणि तिने एकच गोष्ट विचारली: राणीच्या पैंजणात काय भरले होते? मोती, असे उत्तर आले. तिने आपले पैंजण फोडले. आतून माणके उधळली. राजाला चूक कळली, पण कोवलन मेला होता. उलटतपासणी शिक्षेनंतर झाली.

१९४४ मध्ये मद्रासमध्ये सी. एन. लक्ष्मीकांतन या पीत पत्रकाराचा भोसकून खून झाला. तमिळ सिनेमाचा त्या काळचा सर्वांत मोठा नायक एम. के. त्यागराज भागवतर आणि विनोदवीर एन. एस. कृष्णन यांना कटाच्या आरोपाखाली अटक झाली. लक्ष्मीकांतन नटनट्यांच्या खासगी आयुष्यावर लिहून पैसे उकळत असे, त्यामुळे हेतू सगळ्यांना पटण्यासारखा होता. ज्युरीने दोघांना दोषी ठरवले, जन्मठेप झाली, उच्च न्यायालयानेही अपील फेटाळले. प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले आणि पुन्हा सुनावणीसाठी मद्रासला परतले. व्ही. एल. एथिराज यांनी पुरावा बारकाईने तपासून युक्तिवाद केला आणि एप्रिल १९४७ मध्ये दोघे सुटले. ज्यांच्या नावाने आज चेन्नईत मुलींचे एथिराज कॉलेज उभे आहे ते हेच वकील. भागवतर यांची कारकीर्द मात्र पुन्हा उभी राहिली नाही.

१९५२ चा आळवंदार खून खटला उलट प्रकारचा आहे. पेनांचा व्यापारी असलेल्या आळवंदारचे धड रामेश्वरमकडे जाणाऱ्या गाडीतल्या ट्रंकेत मानामदुरैला सापडले, शिर रॉयपुरमच्या किनाऱ्यावर. प्रभाकर मेनन आणि त्याची बायको देवकी यांना मुंबईत पकडण्यात आले. खून कोणी केला याबद्दल फारशी शंका उरली नव्हती. तरी बचावाला काम होते: हा खून ठरवून झाला की मृताच्या वागण्याने भडकून? न्यायमूर्ती ए. एस. पंचापकेश अय्यर यांच्यापुढे खटला चालला. मेननला सात वर्षे आणि देवकीला तीन वर्षे शिक्षा झाली. एवढ्या भीषण तपशिलाच्या खटल्यात फाशीची मागणी लोकांच्या तोंडी सहज आली असती. गुन्हा मान्य असला तरी गुन्ह्याचे माप उरते, आणि ते माप न्यायाधीशापुढे मांडायला दोषी माणसाला वकील लागतोच.

तिसरे उदाहरण सगळ्या देशाचे आहे. २१ मे १९९१ रोजी श्रीपेरुंबुदूरला राजीव गांधींची हत्या झाली. चेन्नईजवळच्या पूनमल्ली इथल्या, टाडा या दहशतवादविरोधी कायद्याखालच्या न्यायालयात बंद दाराआड खटला चालला आणि २८ जानेवारी १९९८ रोजी सर्वच्या सर्व २६ आरोपींना फाशी सुनावली गेली. सर्वोच्च न्यायालयात एन. नटराजन यांच्यासारख्या ज्येष्ठ फौजदारी वकिलांनी बचाव मांडला. ११ मे १९९९ रोजी चौघांची फाशी कायम झाली, तिघांना जन्मठेप मिळाली आणि १९ जणांची खुनाच्या आरोपातून सुटका झाली. माजी पंतप्रधानाच्या हत्येतल्या आरोपींसाठी उभे राहणे लोकप्रिय नव्हते. पण कोणीच उभे राहिले नसते, तर ज्यांच्यावर खुनाचा आरोप सिद्धच झाला नाही अशी १९ माणसे फासावर गेली असती.

याच खटल्यातल्या पेरारिवालनने दोन बॅटऱ्या आणून दिल्या होत्या. त्या कशासाठी हव्या आहेत हे आपल्याला माहीत नव्हते, असे त्याने सांगितले होते, पण कबुलीजबाबात मी ते लिहिले नाही, असे तो जबाब नोंदवणाऱ्या सीबीआयच्या निवृत्त अधिकाऱ्याने २०१३ मध्ये जाहीरपणे सांगितले. तोवर पेरारिवालनने २२ वर्षे तुरुंगात काढली होती. २०२२ मध्ये तो सुटला.

बहिष्काराचे ठराव

वकिलांनी एकत्र येऊन ‘याचे वकीलपत्र घ्यायचे नाही’ असा ठराव करणे कायद्याच्या विरुद्ध आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतल्याच एका प्रकरणात सांगितले. कोइमतूरमध्ये वकील आणि पोलीस यांच्यात संघर्ष झाला आणि तिथल्या बार असोसिएशनने आरोपी पोलिसांचा बचाव कोणी करायचा नाही असे ठरवले. ए. एस. मोहम्मद रफी विरुद्ध तमिळनाडू राज्य या खटल्यात ६ डिसेंबर २०१० रोजी न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू आणि ज्ञानसुधा मिश्रा यांनी असे सगळे ठराव रद्दबातल ठरवले. समाजाला माणूस कितीही दुष्ट, किळसवाणा वाटो, त्याला बचावाचा हक्क आहे आणि तो बचाव करणे वकिलाचे कर्तव्य आहे, असे त्या निकालाचे सार आहे. महात्मा गांधींच्या खुनातल्या आरोपींनाही वकील मिळाले होते, याची आठवण निकालपत्राने दिली. १९४८ च्या त्या लाल किल्ल्यातल्या खटल्यात पुण्याच्या ल. ब. भोपटकरांनी सावरकरांचा बचाव केला होता.

निकाल तमिळनाडूचा, तरी आठच वर्षांनी अयनावरम प्रकरणात चेन्नईत तेच घडले. महाराष्ट्रालाही बोट दाखवायला जागा नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर अजमल कसाबचा बचाव करायला मुंबईतले वकील तयार नव्हते. मार्च २००९ मध्ये न्यायालयाने अंजली वाघमारे यांची नेमणूक केली तेव्हा त्यांच्या वरळीतल्या घरासमोर शिवसैनिकांनी निदर्शने केली. पुढे हितसंबंधांच्या संघर्षामुळे त्यांना बाजूला करून अब्बास काझमी यांना, नंतर के. पी. पवार यांना नेमले गेले. सर्वोच्च न्यायालयात राजू रामचंद्रन न्यायमित्र म्हणून उभे राहिले. कसाबला फाशी झाली. जगापुढे भारताला ताठ मानेने सांगता आले की त्याला वकील दिला, साक्षीदार तपासले, अपील ऐकले.

त्याच खटल्यात फहीम अन्सारी हा भारतीय आरोपी होता. त्याने हल्ल्यासाठी नकाशे पुरवले असा आरोप होता. कुर्ल्याचे तरुण वकील शाहिद आझमी यांनी त्याचा बचाव केला. ११ फेब्रुवारी २०१० रोजी आझमींना त्यांच्या कार्यालयात गोळ्या घालून मारण्यात आले. तीन महिन्यांनी, ३ मे रोजी फहीम निर्दोष सुटला आणि ती सुटका सर्वोच्च न्यायालयापर्यंत टिकली. कसाबच्या शेजारी बसलेला माणूसही दोषीच असणार, असे तेव्हा बहुतेकांना वाटत होते.

आरोपी कोर्टापर्यंत पोहोचूच दिला नाही तर काय होते, हे हैदराबादने दाखवले. डिसेंबर २०१९ मध्ये एका पशुवैद्यक तरुणीच्या बलात्कार आणि खून प्रकरणातले चारही संशयित पोलिसांच्या गोळ्यांनी मारले गेले. पोलिसांवर फुले उधळली गेली. पूर्वी मद्रास उच्च न्यायालयातही न्यायमूर्ती राहिलेले विकास सिरपूरकर यांच्या चौकशी आयोगाने पोलिसांची हकीकत बनावट ठरवली आणि मृतांपैकी तिघे अल्पवयीन असल्याचे नोंदवले. त्या तरुणीला कोणी मारले याचा न्यायालयीन निवाडा आता कधीच होणार नाही.

एकेकट्या वकिलाला नाही म्हणण्याचा अधिकार असावा, असे मी मानतो. ज्याला लहान मुलांवरच्या अत्याचाराचे कागद वाचणेच अशक्य होते, त्याने ते काम घेऊ नये. मन लागत नसताना घेतलेले वकीलपत्र अशिलाचे नुकसानच करते. पण हा नकार त्या वकिलाचा एकट्याचा असायला हवा. संघटनेने ठराव केला की ज्याची तयारी आहे त्याचाही रस्ता बंद होतो.

वकिलाला ठाऊक असेल तर

आता अवघड प्रश्न. तुरुंगातल्या भेटीत अशील सांगतो, ‘साहेब, मीच केले.’ पुढे काय?

हा पेच १८४० मध्ये लंडनमध्ये सगळ्या जगाने पाहिला. लॉर्ड विल्यम रसेल यांच्या खुनाचा खटला त्यांचा स्विस नोकर कूर्व्हाझिए याच्यावर चालू होता. खटल्याच्या मध्यावर चोरीची चांदीची भांडी सापडली आणि आरोपीने आपले वकील चार्ल्स फिलिप्स यांना खासगीत खुनाची कबुली दिली. वर बचाव चालूच ठेवा असेही सांगितले. फिलिप्स यांनी न्यायासनावरच्या एका न्यायाधीशाचा सल्ला घेतला. काम सोडता येणार नाही, असे त्यांना सांगण्यात आले. आरोपीला फाशी झाली, पण टीका फिलिप्स यांच्यावर पुढे अनेक वर्षे होत राहिली, आणि तिचा रोख बचाव चालू ठेवण्यापेक्षा त्यांनी तो कसा केला यावर होता. घरातल्या दुसऱ्या निरपराध नोकरांकडे संशयाची सुई वळवल्याचा आरोप त्यांच्यावर झाला.

आपल्याकडे या पेचाचे उत्तर १८७२ च्या पुरावा कायद्यातच लिहिलेले होते, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या १३२व्या कलमात ते तसेच आले आहे. कायद्याने दोन उदाहरणे दिली आहेत. अशील वकिलाला म्हणतो, ‘मी बनावट दस्त केला आहे, माझा बचाव करा.’ दोषी असल्याचे ठाऊक असलेल्या माणसाचा बचाव करणे हा गुन्हेगारी हेतू नाही, म्हणून हे बोलणे गुप्त राहील. दुसऱ्या उदाहरणात अशील म्हणतो, ‘या बनावट दस्ताच्या आधाराने मला मालमत्तेचा ताबा मिळवायचा आहे, दावा लावा.’ हे बोलणे गुप्त राहणार नाही, कारण इथे वकिलाला पुढच्या गुन्ह्यात सामील करून घेतले जात आहे. घडून गेलेला गुन्हा आणि घडू घातलेला गुन्हा यांच्यात कायद्याने इतकी स्वच्छ रेघ ओढली आहे.

या गुप्ततेची किंमत जबर असू शकते. १९७३ मध्ये अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या फ्रँक आर्मानी आणि फ्रान्सिस बेल्ज या वकिलांना त्यांच्या अशिलाने, रॉबर्ट गॅरोने, आणखी दोन तरुणींचे खून केल्याचे आणि मृतदेह कुठे आहेत ते सांगितले. दोघांनी जाऊन खात्री केली आणि गप्प राहिले. बेपत्ता मुलीचा बाप त्यांच्याकडे चौकशीला आला, तेव्हाही गप्प राहिले. पुढच्या वर्षी खटल्यात हे उघड झाल्यावर लोकक्षोभ उसळला. बेल्ज यांच्यावर खटला भरला गेला, तो रद्द झाला. व्यावसायिक आचाराच्या कसोटीवर दोघांना दोष दिला गेला नाही. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबर होते. त्या बापाच्या दृष्टीने काय होते, याचे समाधानकारक उत्तर कोणत्याच नियमावलीत नाही, आणि ते आहे असे भासवूही नये.

तरी मी गुप्ततेच्या बाजूने आहे. वकिलाला सांगितलेले पोलिसांकडे जाते असे एकदा कळले, की खरे बोलणारे अशील उरणार नाहीत, आणि निर्दोष माणूसही आपल्याला अडचणीचे वाटणारे तपशील लपवील. २०२५ मध्ये चेन्नईतले ज्येष्ठ वकील अरविंद दातार यांना, त्यांनी एका कंपनीला दिलेल्या कायदेशीर सल्ल्यावरून, सक्तवसुली संचालनालयाने समन्स काढले तेव्हा देशभरच्या वकिलांनी निषेध केला. समन्स मागे घेण्यात आले. इथे कोणी गुन्हेगार नव्हता, नुसता सल्ला होता. ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाने स्पष्ट केले की १३२व्या कलमाच्या अपवादात बसत असल्याखेरीज तपास यंत्रणांनी वकिलाला अशिलाबद्दल माहिती देण्यासाठी बोलावू नये, आणि त्यासाठीही वरिष्ठ अधिकाऱ्याची मंजुरी लागेल.

भारतीय वकिलाचा एक भार मात्र हलका आहे. आपल्याकडे आरोपी सहसा शपथेवर साक्ष देत नाही. पुरावा संपल्यावर न्यायाधीश त्याला प्रश्न विचारतात आणि खोट्या उत्तराबद्दल त्याला शिक्षा होत नाही. त्यामुळे अशिलाला शपथेवर खोटे बोलू द्यावे का, हा अमेरिकी वकिलांना छळणारा प्रश्न इथे क्वचित येतो. आपल्याकडचा मोह वेगळा असतो: खोटा साक्षीदार उभा करणे, ‘त्या रात्री तो आमच्याकडे जेवायला होता’ म्हणणारा नातेवाईक आणणे. कबुली ऐकलेल्या वकिलाने ते करता कामा नये. पुरावा अपुरा आहे, असे तो म्हणू शकतो. पंचनाम्यातल्या तारखा जुळत नाहीत, मुद्देमालाचे सील तुटलेले आहे, ओळख परेड उशिरा घेतली, हे सगळे तो दाखवू शकतो. ‘माझा अशील तिथे नव्हताच’ असे मात्र तो छातीठोकपणे म्हणू शकत नाही.

खऱ्या साक्षीदाराची उलटतपासणी

साक्षीदार खरे बोलतो आहे हे ठाऊक असताना त्याला खोटा ठरवावे का? या व्यवसायातला सर्वांत बोचरा प्रश्न हाच आहे. कोर्टात उलटतपासणीचा शेवट सूचनांनी होतो. वकील एकेक सूचना करतो, साक्षीदार ती नाकारतो आणि लघुलेखक लिहून घेतो: ‘हे म्हणणे खरे नाही की मी घटनास्थळी हजर नव्हते. हे म्हणणे खरे नाही की मी वैरापोटी खोटी साक्ष देत आहे.’ कागदावर ती नेहमीची वाक्ये असतात. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात एखादी १२ वर्षांची मुलगी उभी असेल, तर प्रत्येक वाक्य तिला पुन्हा त्या दिवशी नेऊन उभे करते.

बचाव कुठवर जाऊ शकतो याचा महाराष्ट्रातला दाखला म्हणजे मथुरा खटला. २६ मार्च १९७२ च्या रात्री देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केल्याची ती तक्रार होती. सत्र न्यायालयाने तिच्या चारित्र्याकडे बोट दाखवून पोलिसांना सोडले. नागपूर खंडपीठाने त्यांना दोषी ठरवले. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, अंगावर जखमा नाहीत, प्रतिकार दिसत नाही, म्हणून त्यांना पुन्हा सोडले. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. त्यातून देशभर चळवळ उभी राहिली आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. पुढे पीडितेच्या पूर्वायुष्यावर प्रश्न विचारण्यालाही बंदी आली.

२०१२ च्या पोक्सो कायद्याने आणखी एक पाऊल टाकले. आरोपीच्या वकिलाने मुलाला थेट प्रश्न विचारायचे नाहीत. प्रश्न न्यायाधीशाकडे द्यायचे आणि न्यायाधीशाने ते मुलाला विचारायचे. आक्रमक प्रश्न आणि चारित्र्यहनन यांना मनाई आहे. ही तरतूद बचावाचा हक्क तसाच ठेवते. तारीख, जागा, ओळख, वैद्यकीय अहवाल, सगळ्यांवर प्रश्न विचारता येतात. अयनावरम प्रकरणातली ती एक सुटका अशाच चौकटीत झाली. मुलाला न दुखावता बचाव करता येतो, हे ज्याला जमते तोच या खटल्यांतला चांगला वकील.

आणि एक रेघ अशी आहे जिच्या पलीकडे बचाव उरतच नाही. दिल्लीच्या १९९९ च्या बीएमडब्ल्यू अपघात खटल्यात आरोपीचे ज्येष्ठ वकील आर. के. आनंद यांनी सरकारी वकिलाशी संगनमत करून साक्षीदाराला फिरवण्याचा प्रयत्न केल्याचे दूरचित्रवाणीच्या छुप्या कॅमेऱ्यात दिसले. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना न्यायालयाच्या अवमानाबद्दल दोषी धरले. लोकांचा फौजदारी वकिलांवर जो राग आहे, त्याचे मूळ बहुतेक वेळा अशा वागण्यात असते. तो राग रास्त आहे. तो प्रत्येक बचावावर ओतणे मात्र चूक आहे.

मुगलिवाक्कमचा धडा

या सगळ्या चर्चेत मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते चेन्नईजवळच्या मुगलिवाक्कमचे प्रकरण. फेब्रुवारी २०१७ मध्ये तिथल्या सात वर्षांच्या मुलीचा अत्याचार करून खून झाला. शेजारच्या तरुणाला अटक झाली. जामिनावर असताना त्याच्यावर स्वतःच्या आईच्या खुनाचाही आरोप आला. शहर संतापाने पेटले होते. १९ फेब्रुवारी २०१८ रोजी चेंगलपट्टूच्या महिला न्यायालयाने त्याला दोषी ठरवले आणि त्याच दिवशी फाशी सुनावली. जुलैमध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ती कायम केली. घटनेपासून दीड वर्षात दोन न्यायालयांचे निकाल. जलद न्याय म्हणून त्याचे कौतुक झाले.

८ ऑक्टोबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले. न्यायमूर्ती विक्रम नाथ, संजय करोल आणि संदीप मेहता यांच्या पीठाने दोन गोष्टी मांडल्या. पुराव्यांची साखळी जुळत नव्हती. सीसीटीव्ही चित्रणासारखा कळीचा पुरावाही नीट सिद्ध झालेला नव्हता. आणि खटला न्याय्य रीतीने चाललाच नव्हता. दोषारोप निश्चित झाले तेव्हा आरोपीला वकील नव्हता. कायदेसाहाय्याचा वकील डिसेंबर २०१७ मध्ये मिळाला. फाशीच्या खटल्याच्या तयारीसाठी त्याच्या हाती मोजकेच दिवस होते. शिक्षेआधी आरोपीची पार्श्वभूमी, मानसिक स्थिती, कशाचीही चौकशी झाली नाही.

आता त्या मुलीच्या आईवडिलांच्या हाती काय आहे? हा तरुण खरोखर दोषी असेल तर तो सुटला आहे. तो निर्दोष असेल तर सात वर्षे त्याच्या डोक्यावर फाशी टांगली होती आणि खरा खुनी कधी शोधलाच गेला नाही. दोन्हीपैकी काहीही खरे असो, त्या घराला न्याय मिळालेला नाही. पहिल्या दिवसापासून सक्षम वकील असता तर सीसीटीव्हीच्या पुराव्यावर खालच्याच कोर्टात बोट ठेवले गेले असते, पोलिसांना आणि सरकारी वकिलांना वेळेत उणिवा भरून काढाव्या लागल्या असत्या, किंवा तपास दुसऱ्या दिशेला वळला असता. आठ वर्षांनी पुरावा परत उभा करता येत नाही.

आक्षेप

या मताविरुद्धचे आक्षेप हलके नाहीत. पहिला गांधीजींचा. दक्षिण आफ्रिकेत वकिली करताना त्यांनी खोटा खटला न घेण्याचा नियम पाळला, आणि एका खटल्यात अशिलाने फसवल्याचे लक्षात येताच न्यायाधीशांना दावा फेटाळायला सांगितले. जकात चुकवणाऱ्या पारसी रुस्तमजींना त्यांनी गुन्हा कबूल करून दंड भरायला लावला, असे ते आत्मचरित्रात सांगतात. फौजदारी वकिलाने यातून एक गोष्ट जरूर घ्यावी: अशिलाला कबुलीचा, भरपाईचा, तडजोडीचा मार्ग मोकळेपणाने सांगणे हेही वकिलाचे काम आहे. पण रुस्तमजी गांधीजींचे मित्र होते आणि दंडावर सुटणार होते. फाशीच्या छायेतल्या, पोलीस कोठडीतून आलेल्या माणसाला तोच सल्ला देणे, आणि तो न ऐकल्यास त्याला सोडून जाणे, हे वकिलाने स्वतःच न्यायाधीश होणे आहे.

दुसरा आक्षेप पैशाचा. श्रीमंत आरोपीला नामांकित वकिलांची फौज मिळते, गरिबाला तारखेला हजर न राहणारा वकील. हे खरे आहे, आणि ही विषमता अन्याय्यच आहे. पण त्यावर उपाय म्हणून श्रीमंताचा बचाव दुबळा केला तर गरिबाचा बळकट होत नाही. कायदेसाहाय्याच्या वकिलांना पुरेसे मानधन, सहायक आणि वेळ देणे, हाच खरा उपाय आहे. २०२२ पासून अनेक जिल्ह्यांत सुरू झालेली पूर्णवेळ बचाव वकिलांची व्यवस्था ही योग्य दिशा आहे.

तिसरा आक्षेप पीडितेचा. आरोपीसाठी इतका विचार, मग तिच्यासाठी कोण? तिच्या वकिलाला आज सरकारी वकिलाला मदत करण्यापुरतीच जागा आहे. ती वाढवायला हवी, हे मला मान्य आहे. मात्र ती जागा आरोपीच्या हक्कातून कापून काढायची गरज नाही.

काय करायला हवे

१८ डिसेंबर २०१९ च्या अनोखीलाल निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की जन्मठेप किंवा फाशी होऊ शकेल अशा खटल्यात किमान १० वर्षे अनुभव असलेलाच वकील नेमावा आणि तयारीला किमान सात दिवस द्यावेत. हा किमान आकडा आहे. शेकडो पानांच्या दोषारोपपत्रासाठी सात दिवस पुरत नाहीत. प्रत्येक जिल्हा न्यायालयाने तो पाळला का, याची तपासणी उच्च न्यायालयांनी करायला हवी.

पण सर्वांत मोठी जबाबदारी वकील संघटनांची आहे. चेन्नईत, मुंबईत, नाशकात किंवा बेळगावात पुन्हा एखादा असा गुन्हा घडेल, ज्याने सगळ्यांची झोप उडेल. तेव्हा बार असोसिएशनची बैठक होईल, कोणी तरी उठून बहिष्काराचा ठराव मांडील आणि टाळ्या पडतील. त्या बैठकीत अध्यक्षांनी कोइमतूरचा निकाल वाचून दाखवावा आणि आपल्यातल्या तीन सर्वांत अनुभवी फौजदारी वकिलांची नावे कायदेसाहाय्यासाठी कळवावीत. त्याच बैठकीत पीडितेच्या कुटुंबाला विनामूल्य वकील देण्याचाही ठराव करावा. दोन्ही ठराव एकाच कागदावर येऊ शकतात. असे झाले तर आरोपी दोषी ठरल्यावर ती शिक्षा वरच्या कोर्टात टिकण्याची शक्यता वाढेल, तो निर्दोष असेल तर ते आठ वर्षांनी नव्हे, पहिल्याच वर्षी कळेल, आणि मुगलिवाक्कमसारखे आणखी एक घर निकालांच्या कागदांखाली उत्तराविना राहणार नाही.